सोमवारची यादी

"डोळे दुखतात म्हण," माझी बायको म्हणाली. "राखेत काम केलं, डोळ्यांत धूर गेला, अक्षरं दिसत नाहीत म्हण."

ती पाट्यावर मका वाटत होती. रविवारची सकाळ होती. चर्चमधून येऊन मी नुकता बसलो होतो आणि लेफ्टनंटचा नवा हुकूम तिला सांगून टाकला होता. सांगितला नसता तरी माझं तोंड बघून तिने तो काढून घेतलाच असता.

"राखेत मी कधी काम केलं?" मी म्हणालो.

"मग आज कर. चूल साफ करायचीच आहे."

मी हसलो. चूल साफ केली नाही.

ही गोष्ट सान गेर्वासियोच्या गढीतली. मेक्सिको तेव्हा अजून स्पेनच्या राजाचं होतं आणि राजाच्या राज्याचं उत्तरेकडचं शेवटचं दार म्हणजे आमची गढी. कच्च्या विटांची भिंत, दोन कोपऱ्यांना दोन बुरूज, आत शिपायांची चाळीसेक बिऱ्हाडं, चर्च आणि एक विहीर. दाराबाहेर नदी आणि नदीपलीकडे अपाची लोकांची वस्ती.

पूर्वी अपाचींशी आमची लढाई होती. ती कुणी सुरू केली हे दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना सांगता येत नसे, इतकी जुनी. मी नवा शिपाई असताना तह झाला. त्यांनी डोंगर सोडून नदीकाठी राहायचं, आमचे घोडे पळवायचे नाहीत, आणि राजाने त्यांना दर सोमवारी मका, गूळ आणि तंबाखू द्यायचा. हे पंचवीसेक वर्षं चाललं. त्या पंचवीस वर्षांत आमच्या गावात जेवढी माणसं म्हातारी होऊन मेली तेवढी त्याआधीच्या शंभर वर्षांत मेली नसतील.

शिधा वाटायचं काम माझ्याकडे होतं. घोड्यावरून पडून माझा डावा गुडघा कायमचा गेला होता, त्यामुळे स्वारीला माझा उपयोग नव्हता. शिवाय मला वाचता येत होतं. गढीत वाचता येणारी तीन माणसं होती. पाद्रीबाबा, ठाण्याचा अधिकारी आणि मी. मला त्याचा गर्व होता.

यादीत घराघराने नावं होती. सोमवारी अपाची दाराच्या आत, चौकात रांगांनी बसत, प्रत्येक घरापुढे एक घोंगडी पसरलेली. मी घरच्या मुख्याचं नाव घ्यायचो, माणसं मोजायचो आणि घोंगडीवर मका ओतायचो. एखाद्या घरात कुणी मेलं की त्या घरची बाई घोंगडीच्या कडेला दाणे काढलेलं रिकामं कणीस ठेवायची. ते मला दिसायचं. मी यादीतल्या त्या नावावर कोळशाची रेघ ओढायचो आणि एक माप कमी ओतायचो. कोण मेलं हे मी विचारायचं नाही, त्यांनी सांगायचं नाही. कोण दिसत नाही ते मला दिसतच असे.

कारण अपाची मेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. घरात घेत नाहीत, बाहेर घेत नाहीत, रागावून घेत नाहीत, रडताना घेत नाहीत. दुसऱ्या कुणी घेतलं तर त्यासाठी रक्त सांडतं.

माझ्या बायकोनं मला त्याचं कारण सांगितलं होतं. "मेलेला माणूस चालत असतो," ती म्हणाली होती. "मागून हाक आली तर तो वळणारच. तूही वळशील. आणि वळला की त्याला पुढची वाट सापडत नाही."

तिला हे माहीत होतं, कारण ती त्यांच्यातली होती. सहा वर्षांची असताना आमच्या शिपायांनी एका स्वारीत तिला उचलून आणलं होतं. एका कॅप्टनच्या विधवेनं वाढवलं, पाद्रीबाबांनी नाव ठेवलं, आणि पुढे मी लग्न केलं. तह होऊन वस्ती नदीकाठी आली तेव्हा एका सोमवारी घोंगडीवर बसलेली एक बाई माझ्या बायकोच्या चालण्याकडे बघत राहिली आणि मग उठून तिच्यासमोर येऊन उभी राहिली. ती तिची थोरली बहीण होती. सगळी गढी तिला थोरलीच म्हणायची, मीही. ती माझ्या बायकोला धाकटी म्हणायची.

थोरलीला एक मुलगी होती, अकरा वर्षांची. आम्हाला मूल नव्हतं, त्यामुळे ती निम्मी आमच्याच घरी असायची. पाट्याशी बसून वाटू लागायची आणि वाटता वाटता गुळाची ढेप कुरतडायची. मी ओरडलो की तोंडातला गूळ काढून मला दाखवायची आणि परत तोंडात घालायची. त्या हिवाळ्यात वस्तीत गोवर आला. आठ माणसं गेली. त्यांत ती एक. तेव्हापासून माझ्या बायकोनं तिचं नाव घेतलं नव्हतं. अगदीच बोलायची वेळ आली तर म्हणायची, "ती गूळ खाणारी."

आणि त्याच हिवाळ्यात लेफ्टनंट बेर्मुदेस आला.

तो दक्षिणेतून आला होता. दक्षिणेत आठ वर्षं बंड चाललं होतं, राजाविरुद्ध. त्या बंडापायी आमच्याकडे गाड्या येणं थांबलं. आधी गूळ बंद झाला. अपाचींनी ऐकून घेतलं. मग तंबाखू निम्मा झाला. तेही ऐकून घेतलं. मका मात्र मी देत होतो.

लेफ्टनंट वाईट माणूस नव्हता. हे मी आज सांगतो असं नाही, तेव्हाही मला तसंच वाटत होतं. चाळिशीचा असेल. उजव्या कानाचा वरचा भाग नव्हता. आवाज कधी चढायचा नाही. पहिल्याच सोमवारी त्याने घोंगड्यांच्या कडेची कणसं पाहिली आणि हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं.

"म्हणजे राजाच्या कोठारातला मका कणसं बघून कमी-जास्त होतो," तो म्हणाला.

"ते खोटं कणीस ठेवत नाहीत, साहेब."

"ठेवत नसतील. पण ठेवायचंच विसरले तर?" तो माझ्या शेजारी पेटीवर बसला. "माझ्या पलटणीत कागदावर नव्वद माणसं होती, क्रिसांतो. लढाईच्या सकाळी एकसष्ट उभी राहिली. बाकीची एकोणतीस वर्षभर जेवत होती. मेलेली. त्यांच्या वाटणीचं कोण खात होतं ते सोड. पण त्या सकाळी माझ्या उजव्या बाजूला कुणी नव्हतं." त्याने कानाला हात लावला नाही, पण मी कानाकडे पाहिलं. "यादी खरी पाहिजे. पुढच्या सोमवारपासून एकेक नाव मोठ्याने वाच. असेल त्याने उठावं. मेला असेल त्याच्या घरच्यांनी मेला म्हणावं. बस."

हा तो हुकूम.

"मी ती नावं गाळीन," रविवारी मी बायकोला म्हणालो. "आठच आहेत. जिवंत माणसांची वाचत जाईन, मेलेल्यांची सोडत जाईन. त्याला काय कळतंय, त्याला अजून त्यांची तोंडंही ओळखू येत नाहीत."

"त्याला वाचता येतं."

"यादी माझ्या हातात असेल."

तिने वाटायचं थांबवलं. "क्रिसांतो, तू म्हण की डोळे दुखतात. एवढं साधं आहे. पाद्रीबाबांना वाचू दे, ते म्हातारे आहेत, अर्ध्यात झोपतील. नाहीतर उद्यापुरतं तरी कुणीच वाचायचं नाही. मी तोवर जाऊन डावऱ्याशी बोलते."

डावरा म्हणजे वस्तीचा म्होरक्या. डाव्या हाताने सगळं करायचा म्हणून ते नाव.

"सगळ्या गढीला माहीत आहे मला वाचता येतं," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "तूच सांगितलं आहेस सगळ्यांना."

ती पुन्हा वाटू लागली. खरं सांगायचं तर डोळे दुखतात म्हणणं मला कमीपणाचं वाटलं. नावं गाळण्यात हुशारी होती.

सोमवारी सकाळी ऊन चांगलं होतं, वारा नव्हता. अपाची नदी उतरून आले आणि बसले. थोरली दुसऱ्या रांगेत होती, तिच्या घोंगडीच्या कडेला कणीस. माझी बायको विहिरीवर घागर भरत होती. दर सोमवारी ती मुलांना पाणी द्यायची. तिबुर्सिओ दारावर पहाऱ्याला होता. तो माझा जुना सोबती, आम्ही एकाच वर्षी भरती झालो होतो.

मी यादी उघडली आणि वाचायला लागलो. लेफ्टनंट माझ्या मागे येऊन उभा राहिला. पहिल्या रांगेत गोवराने कुणाला नेलं नव्हतं. एकेक जण उठला, बसला, मी मका ओतला. दुसरी रांग आली. थोरलीच्या नवऱ्याचं नाव घेतलं, तो उठला. थोरलीचं घेतलं, ती उठली. मधलं सोडलं आणि पुढच्या घराचं नाव घेतलं.

"एक राहिलं," लेफ्टनंट म्हणाला.

मी वळलो. त्याच्या हातात कागद होते. त्याने स्वतः बसून माझ्या यादीची, रेघ मारलेल्या नावांसकट, दुसरी प्रत केली होती, आणि त्याचं बोट बरोबर त्या नावाखाली होतं.

"चुकलं असेल, साहेब."

"मग आता वाच."

माझ्या ओठावर ते आलं होतं. डोळे दुखतात. पण मी चूल साफ केली नव्हती. माझे डोळे स्वच्छ होते आणि तो त्यांच्यातच बघत होता.

तो जरा पुढे वाकला आणि हळू आवाजात, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "तुझी बायको नदीपलीकडची ना?"

"हो."

"मग तर मोठ्याने वाच. म्हणजे तुझ्याबद्दल कुणाला काही बोलायला जागा राहणार नाही."

तो माझं भलंच करत होता. मला ते पटलंही. त्या क्षणी मला वाटलं की सगळी गढी माझ्याकडे बघते आहे आणि सगळ्यांच्या मनात एकच आहे, की याने बायकोच्या माणसांसाठी राजाचा मका चोरला. मी एक दाणा चोरला नव्हता. ते दाखवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, आवाज होता.

मी ते नाव वाचलं. इतक्या मोठ्याने मी आयुष्यात दुसरं काही वाचलेलं नाही. चर्चच्या भिंतीवर आपटून ते परत आलं. ते नाव मी इथे लिहिणार नाही.

थोरलीने हात उचलून आपल्या तोंडावर ठेवला आणि तसाच ठेवला. तिच्या नवऱ्याने नदीकडे मान वळवली. मागच्या रांगांत एक लहान मूल काहीतरी बोलत होतं, त्याला कुणीतरी गप्प केलं.

डावरा उठला. तो सत्तरीचा होता आणि आमची भाषा त्याला बरी येत होती. माझ्याशी बोलला नाही, लेफ्टनंटशी बोलला.

"गूळ गेला, आम्ही काही म्हटलं नाही," तो म्हणाला. "तंबाखू गेला, काही म्हटलं नाही. मका मोजता, मोजा. ती पोर तुम्ही कशासाठी मोजता?"

"यादी खरी असावी म्हणून," लेफ्टनंट म्हणाला. तो गोंधळला होता. "कुणाचा अपमान करायचा नव्हता."

"ती आठवड्याला दोन मुठी खायची," डावरा म्हणाला. "घ्या तुमच्या दोन मुठी."

त्याने आपली घोंगडी दोन कोपरे धरून उचलली आणि मका जमिनीवर ओतला. मग पुढची बाई उठली, तिनेही ओतला. पहिली रांग, मग दुसरी. ज्यांना अजून मिळाला नव्हता ते नुसती घोंगडी झटकून उठले. कुणी घाई केली नाही. थोडा वेळ फक्त मका पडायचा आवाज येत होता. मग ते नदीकडे चालू लागले.

माझ्या बायकोनं भरलेली घागर विहिरीच्या काठावर ठेवली. कलंडू नये म्हणून खाली एक दगड सरकवला. मग माझ्या समोरून गेली. माझ्याकडे पाहिलं, पण रस्त्यात भेटलेल्या परक्या माणसाकडे पाहावं तसं. तिबुर्सिओ दारातून बाजूला झाला आणि ती त्यांच्यामागून नदी उतरून गेली.

दुपारपर्यंत पलीकडे धूर दिसायला लागला. त्यांनी झोपड्या जाळल्या होत्या.

"भूक लागली की येतील," लेफ्टनंट म्हणाला.

सोमवार गेला, मंगळवार गेला. वस्ती डोंगरात निघून गेली होती. बुरुजावर पहारा दुप्पट झाला, गुरं आत घेतली, बायका आपापसांत बोलत आणि मी दिसलो की थांबत. मला त्याचं काही वाटत नव्हतं. अपाची परत घोडे पळवू लागतील, माणसं मारतील, हे सगळ्यांच्या मनात होतं आणि ते बरोबरच होतं. माझ्या मनात तेवढी मोठी गोष्ट नव्हती. ती परत येते की नाही, एवढंच होतं.

मंगळवारी संध्याकाळी तिबुर्सिओ घरी आला, शेंगांची भाजी घेऊन.

"येईल रे," तो म्हणाला.

"कशावरून?"

"तुला स्वयंपाक येत नाही हे तिला माहीत आहे. तू मेलास तर दोष तिच्यावर येईल."

"ती तिच्या बहिणीबरोबर आहे. तिच्या आईच्या भाषेत बोलत असेल. ती कशाला येईल?"

त्याने थोडा विचार केला. "भाजी खा," तो म्हणाला.

बुधवारी लेफ्टनंटने मला बोलावलं. त्याच्यासमोर गढीतल्या माणसांची यादी उघडी होती. त्याने एका ओळीवर बोट ठेवलं. माझ्या नावाच्या खालची ओळ.

"हिला कशात लिहू? पळालेल्यांत?"

"ती पाणी आणायला गेली आहे, साहेब," मी म्हणालो.

"तीन दिवस?"

"नदी लांब आहे."

नदी खिडकीतून दिसत होती. त्याने खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग लेखणी पुसली आणि दौतीला झाकण लावलं.

"आणू दे पाणी," तो म्हणाला. मी दारापर्यंत गेलो तेव्हा त्याने विचारलं, "त्यांच्यात खरंच कुणी नाव घेत नाही? आईसुद्धा?"

"आईसुद्धा नाही."

"मला माझ्या एकोणतीसही जणांची नावं पाठ आहेत," तो म्हणाला.

गुरुवारी दुपारी मी दारासमोरचा मका गोळा करत बसलो होतो. मला कुणी सांगितलं नव्हतं. तीन दिवस तो तसाच पडला होता, माणसं त्याला वळसा घालून जात होती आणि कोंबड्या खात होत्या. मी मातीतून एकेक मूठ उचलून पाखडत होतो. माझ्या हाताशेजारी दोन पाय येऊन थांबले. तळव्यांना भेगा पडून रक्त वाळलेलं. मला ते पाय माहीत होते.

वर पाहिलं तर तिने केस कापले होते, कानाच्या वर, सुरीने, वेडेवाकडे. त्यांच्यात सुतकात कापतात.

"माझी घागर कुठे आहे?" ती म्हणाली.

"आहे तिथेच."

ती विहिरीकडे गेली. घागर उचलली आणि उभ्याने बराच वेळ प्यायली. उरलेलं पाणी पायांवर ओतलं. मग घरी गेली. मी हातातली मूठ तशीच घेऊन मागून गेलो.

आत ती पाट्यापाशी बसली, पण वाटायला काही घेतलं नाही. मी दाराशी उभा राहिलो.

"डावऱ्याला तू हवा होतास," ती म्हणाली. "गढी नको होती. तू. दोन माणसं निघालीही होती."

"मग?"

"थोरलीने थांबवलं. म्हणाली, याला मारलं तर माझ्या बहिणीला याचं नाव गिळावं लागेल. राहू दे."

मी खाली बसलो. गुडघा दुखत होता.

"पहिले दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चालत होती, मी मागून चालत होते. काल बोलली. म्हणाली, तू परत जा. ज्याची जीभ सुटते त्याच्या घरात कुणीतरी पाहिजे, पुन्हा सुटली तर तोंडावर हात ठेवायला."

"ती असं म्हणाली?"

"हो. आणि म्हणाली, पुन्हा येऊ नकोस. मी तुला बघितलं की मला ते ऐकू येईल."

चुलीत राख साचली होती. तीन दिवस कुणी हात लावला नव्हता. मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं.

"तुला यायचं होतं?"

तिने विचार करून उत्तर दिलं. ती नेहमी विचार करूनच उत्तर द्यायची.

"काल होतं," ती म्हणाली.

"म्हणजे त्याआधी नव्हतं."

"नव्हतं."

मग ती उठली, मी उचलून आणलेला मूठभर मका माझ्या हातातून घेतला, धुतला आणि वाटायला बसली.

पुढच्या सोमवारी लेफ्टनंट नेहमीच्या वेळी चौकात टेबल मांडून बसला. यादी समोर, मका पोत्यांत. उघड्या दारातून नदीकडे बघत दुपारपर्यंत बसला. त्याच्या पुढच्या सोमवारीही बसला. मग नाही. वर्षभराने त्याची बदली झाली. निघताना माझ्या दाराशी घोडा थांबवून त्याने माझ्या बायकोला टोपी काढून नमस्कार केला. तिने मान हलवली. एवढंच.

थोरली पुन्हा दिसली नाही. आजूबाजूच्या वाड्यांवरून घोडे गेले, गुरं गेली, काही माणसंही गेली. सान गेर्वासियोला मोठा हल्ला झाला नाही. लोक म्हणतात नशीब. मी त्यावर बोलत नाही.

तीन वर्षांनी राजाही गेला. दक्षिणेतून एक स्वार कागद घेऊन आला, आम्हाला चौकात उभं केलं आणि मेक्सिको आता स्वतंत्र आहे म्हणून नवी शपथ दिली. घरी आल्यावर बायको म्हणाली, "आता नवी यादी करतील." केली. मला वाचायला बोलावलं तेव्हा मी तरुण कारकुनाला शिकवून टाकलं आणि बाजूला झालो.

आम्ही आणखी बारा वर्षं एकत्र राहिलो. त्या सोमवारबद्दल पुन्हा बोललो नाही. तिने केस वाढवले, ते पांढरे होऊन वाढले. रागावली की म्हणायची, "तोंडावर हात ठेवू का?" आणि मी गप्प बसायचो. कधी कधी माझं बरोबर असूनही.

या वर्षी मार्चमध्ये ती गेली. छातीत कफ झाला होता. अकरा दिवस अंथरुणात होती. तिने माझ्याकडून काही कबूल करून घेतलं नाही, तशी ती नव्हती. दहाव्या दिवशी मी तिच्या पायांना तेल लावत होतो तेव्हा तिने विचारलं, "तुझे डोळे कसे आहेत?"

"बरे आहेत," मी म्हणालो.

ती हसली. मग खोकला आला आणि ते राहून गेलं.

पुरताना पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली तेव्हा मी भिंतीपलीकडे उभा होतो. लोकांना ते आवडलं नाही. क्रूसावर नाव घालायला सुतार विचारायला आला, त्याला मी नको म्हणालो. तेही आवडलं नाही. तिच्यासाठी पुन्हा प्रार्थना ठेवली नाही म्हणून शेजारीण म्हणाली, जिवंतपणी तर बरा वागायचा.

आमच्याकडे नोव्हेंबरच्या दोन तारखेला वर्षात गेलेल्या माणसांची नावं चर्चमध्ये वाचतात. नाव आलं की त्या घरचा माणूस पुढे जाऊन मेणबत्ती लावतो. आताचे पाद्रीबाबा तरुण आहेत, दक्षिणेतले. आमची नावं त्यांच्या तोंडात बसत नाहीत. गेल्या वर्षी वाचताना त्यांनी दोन म्हाताऱ्यांना बायका केलं आणि चर्चमध्ये लोक हसले. म्हणून या वर्षी ते घरी आले आणि म्हणाले, "क्रिसांतोकाका, तुम्ही वाचा. तुम्हाला सगळे माहीत आहेत, आणि वाचताही येतं म्हणतात."

त्या सोमवारनंतर मी चारचौघांत काही वाचलं नव्हतं. पण मी हो म्हणालो.

चर्च भरलं होतं. तिबुर्सिओ पुढच्या बाकावर होता, आता त्याला ऐकू कमी येतं. पाद्रीबाबांनी यादी माझ्या हातात दिली. चौदा नावं होती. मी सावकाश वाचली, एकेक. माणसं उठत होती, मेणबत्त्या लागत होत्या. तेरावं वाचलं, मेणबत्ती लागली, आणि मी कागदाची घडी घातली.

पाद्रीबाबा माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "एक राहिलं."

त्यांना काय माहीत, कुणी हे आधी कधी म्हटलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. पोरसवदा चेहरा, कान दोन्ही धड. मागे सगळे माझ्याकडे बघत होते.

"तुमच्या पत्नीचं आहे, काका," ते म्हणाले. "शेवटचं. वाचा."

तिला दोन नावं होती. एक चर्चने ठेवलेलं, एक आईने. दोन्ही मला माहीत आहेत. आईने ठेवलेलं आता माझ्याशिवाय कुणाला माहीत नसेल, थोरली जिवंत नसेल तर.

मी खिशातून रिकामं कणीस काढलं आणि मेणबत्त्यांच्या रांगेत शेवटी ठेवलं.

"डोळे दुखतात, पाद्रीबाबा," मी म्हणालो.

ते माझ्या डोळ्यांकडे बघत राहिले. डोळे लाल होते, पाणी येत होतं. मी सकाळी चूल साफ केली होती.